नातीला सांगितलेलं महाविद्यालयाच्या वाहिनीवर: एका क्षेत्र प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अनुदानित कला महाविद्यालयातलं आहे. क्षेत्र प्रकल्पासाठी, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करायच्या कामासाठी, नातीने घेतलेल्या आजीच्या मुलाखतीचा तुकडा महाविद्यालयाने आजीला न विचारता यूट्यूबवर टाकला, आणि त्यावरून तक्रार आली. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही नाती आणि बारकावे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवलेत. त्या तक्रारीवर प्राचार्यांनी तीन जणांची समिती नेमली, तिच्यात मी बाहेरचा सदस्य होतो. त्यामुळे कागद पाहता आले आणि जवळजवळ सगळ्यांशी बोलता आलं.

इतिहास विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एकच, तेच विभागप्रमुख. उरलेला कार्यभार तासिका तत्त्वावरच्या दोघांवर. यातलं कुणालाच वेगळं वाटत नाही, कारण आजूबाजूच्या महाविद्यालयांतही कला शाखेचं चित्र हेच आहे. पदं रिक्त राहतात, तास मात्र कुणाला तरी घ्यावेच लागतात.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि त्यामागोमाग दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प आला. 2 श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे किमान 60 तासांचं काम. कला शाखेच्या बऱ्याच विभागांनी यावर सोपा तोडगा काढला: एक किल्ला किंवा एक लेणं, एक गटफोटो, शेवटी दहा पानांचा अहवाल, त्यातली सात पानं इंटरनेटवरची. तासिका तत्त्वावरच्या एका मॅडमनी हे करायला नकार दिला. त्यांनी विषय दिला 1972 च्या दुष्काळाच्या आठवणींचा.

विषय अचूक निवडला होता. या भागात म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारलं तर उत्तर येतं, ‘बहात्तरच्या दुष्काळात मला नुकतं न्हाण आलं होतं’ किंवा ‘तेव्हा थोरला पाळण्यात होता’. दुष्काळी कामांवर मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं होती. त्यांच्या हातून झालेले पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते अजून वापरात आहेत. त्या वेळी पंधरा-वीस वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आणखी दहा वर्षांनी हा प्रकल्प करायला माणसंच उरणार नाहीत, असं मॅडमनी प्रस्तावात लिहिलं होतं आणि ते खरं आहे.

प्रकल्प कसा आखला होता

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा शेजारच्या दोन वृद्धांशी बोलायचं, मोबाइलवर आवाज आणि जमल्यास चित्रण करायचं, ते शब्दशः उतरवायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. गुण 50. ध्वनिमुद्रणाला 10, लेखनाला 15, अहवालाला 15, तोंडीला 10.

कामाचा दर्जा चांगला होता, हे आधी सांगून टाकतो. तक्रारीच्या गदारोळात ते कुणी नीट पाहिलंच नाही. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली मुलं दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीची चव, रेशनवरचा लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, जनावरं सोडून द्यावी लागली त्या दिवशी घरात काय झालं, हे सगळं घेऊन आली. एका मुलाने वडिलांच्या आत्याला विचारलं, ‘मग तुम्ही शिकला का नाही?’ त्यावर तिने दिलेलं उत्तर दीड पानांचं आहे आणि ते कुठल्याही संदर्भग्रंथात मिळणार नाही.

संमतीचं काय? अहवालाच्या नमुन्यात दुसऱ्या पानावर एक छापील ओळ होती: ‘मुलाखत देणाऱ्या व्यक्तीची संमती घेतली आहे.’ खाली सही विद्यार्थ्याची. मुलाखत देणाऱ्याच्या सहीला किंवा अंगठ्याला जागाच नव्हती. संमती कशासाठी, किती दिवसांसाठी, कोण ऐकणार, याबद्दल अवाक्षर नाही. ही ओळ मॅडमची नव्हे; विभागाकडे आधीपासून असलेल्या सर्वेक्षण प्रकल्पाच्या नमुन्यातून ती आली होती. तिथे ती चालून गेली, कारण ‘घरात नळ आहे का’ याचं उत्तर जगजाहीर झालं तरी कुणाचं घर पेटत नाही.

नेमकं काय घडलं

एका विद्यार्थिनीने आजीशी पाऊण तास बोलणं केलं. आजी बाजेवर बसलेली, नात खाली, मोबाइल उशीला टेकवलेला. सुरुवातीची दहा मिनिटं आजी जपून बोलते, ‘लई हाल झाले बघ’ याच्या पुढे जात नाही. मग नात विचारते, ‘खडी कशी मोजायचे गं?’ आणि आजी एकदम हातवारे करत सरसावून बसते.

खडी मोजायला लाकडी चौकट असायची. ती भरली की एक माप. आजी सांगते की त्यांच्या टोळीवरचा मुकादम चौकट पायाने हलवायचा. हलवली की खडी खाली बसते, वर पुन्हा जागा होते, पुन्हा भरा. तेवढ्याच मजुरीत जवळजवळ दीडपट खडी. बोटांना चिंध्या बांधलेल्या, त्यांतून रक्त यायचं. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कामाला कधीच न आलेल्यांची नावं असायची आणि त्यांचा पगार कुठे जायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्यायच्या पाण्याला वेगळी रांग. आजीच्या वस्तीतल्यांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे. हे सांगताना तिने मुकादमाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. तो आता हयात नाही. त्याची मुलं-नातवंडं त्याच गावात आहेत, आणि एक नातू याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे.

विद्यार्थिनीला 50 पैकी 46 मिळाले. एप्रिलमध्ये सत्र संपलं, मॅडमची नेमणूकही सत्रासोबत संपली. ध्वनिफिती त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून विभागप्रमुखांकडे दिल्या.

जूनमध्ये नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, भेटीच्या तयारीला वेग आला. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांनी सर्व विभागांकडून क्षेत्र प्रकल्पांचे ‘दृश्य स्वरूपातले पुरावे’ मागवले. विभागप्रमुखांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. कार्यालयातल्या संगणकचालकाने सहा मुलाखतींमधून छोटे तुकडे कापले आणि महाविद्यालयाच्या यूट्यूब वाहिनीवर चढवले. कुठला तुकडा घ्यायचा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे रंगतदार भाग निवडले. आजीच्या तुकड्याला त्याने शीर्षक दिलं ‘मुकादमाची चोरी – आजीने सांगितलं सत्य’ आणि थंबनेलवर लाल बाण.

दोन दिवसांत तो तुकडा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या घरची चार माणसं विद्यार्थिनीच्या दारात आली. मारहाण नाही, शिवीगाळही फारशी नाही. ‘तुमच्या म्हातारीनं आमच्या बापाला साऱ्या जगापुढं चोर केलं,’ एवढंच. पण त्या कुटुंबाच्या शेताची वाट मुकादमाच्या घरच्या बांधावरून जाते, आणि पेरणीचे दिवस होते. यापुढे काही बोलायची गरज कुणालाच नव्हती.

आजी नातीला जे म्हणाली ते विद्यार्थिनीने समितीला सांगितलं: ‘म्या तुला सांगितलं व्हतं, कालेजाला न्हाई.’

चौथ्या दिवशी प्राचार्यांकडे मुकादमाच्या मुलाचा अर्ज आला. चित्रफीत काढा, लेखी माफी मागा, विद्यार्थिनी आणि संबंधित शिक्षिकेवर कारवाई करा, अन्यथा मानहानीचा दावा. त्याच दिवशी विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन: मुलीचा प्रकल्पच रद्द करा, गुण गेले तरी चालतील. मॅडमना या सगळ्याचा पत्ता लागला तो विद्यार्थिनीचा फोन आल्यावर.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत चार सूर होते.

प्राचार्यांना प्रकरण आटोपायचं होतं. चित्रफीत काढायची, मूळ ध्वनिमुद्रणही पुसायचं, अर्जदाराला माफीचं पत्र द्यायचं, विद्यार्थिनीला तोंडी समज. त्यांच्या जागी त्यांचं चुकत नव्हतं. गावात तेढ वाढली तर उद्या महाविद्यालयाच्या दारात लोक येतील, आणि तेव्हा समितीतलं कुणी तिथे नसेल.

समन्वयकांचं म्हणणं, नॅकच्या समितीची भेट होईपर्यंत तरी वाहिनीवरचं काही काढू नका, दुवे अहवालात देऊन झालेत. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला. त्याहून जास्त वेळ त्याला द्यायची गरज नव्हती.

विभागप्रमुखांना मधला मार्ग हवा होता: मुकादमाच्या नावाच्या जागी ‘बीप’ घालून पुन्हा चढवू. ऐकायला बरं वाटतं. पण गावात त्या टोळीवर मुकादम एकच होता. नाव काढलं तरी कोण ते गावाला कळणारच, आणि बीपमुळे तर लपवण्यासारखं काहीतरी आहे हे अधोरेखित होईल. निनावीपणा शहरातल्या श्रोत्यापुरता असतो. वाडीवस्तीवर आवाजावरून, दाराच्या रंगावरून, कुत्र्याच्या भुंकण्यावरूनही माणूस ओळखू येतो.

चौथा सूर मराठी विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंचा. त्या समितीच्या सदस्य होत्या. त्यांनी विचारलं, ‘आजींना कुणी विचारलंय का?’ तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. अर्जदाराची मागणी काय, वडिलांची काय, नॅकची काय, हे सगळं टेबलावर होतं. जिचा आवाज होता तिचं म्हणणं कुठल्याच कागदावर नव्हतं.

मानहानीच्या धमकीबद्दल एक वकील मित्र बोलावला. ‘माणूस तर मेलाय, मग कसली मानहानी’ असा सगळ्यांचा समज होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, आधीच्या दंड संहितेसारखंच, मृत व्यक्तीवरचा आरोपही त्याच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल तर मानहानी ठरू शकतो, हे त्यांनी दाखवलं. मुद्दा हेतूचा. नातीशी घरात बोलणाऱ्या आजीचा हेतू आणि ‘मुकादमाची चोरी’ हे शीर्षक देणाऱ्याचा हेतू न्यायालय एकाच तराजूत तोलेल असं नाही. धोका असलाच तर तो आजीपेक्षा महाविद्यालयाला जास्त होता. हे कळल्यावर बैठकीचा सूर बदलला, हेही लिहून ठेवतो.

खरं की खोटं?

दुसऱ्या बैठकीत वाद वेगळ्याच दिशेला गेला. समितीतल्या एका सदस्याने आजीच्या बोलण्यातली चूक दाखवली. ती तलावाचं काम ‘रोजगार हमीचं’ म्हणते. पण रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने 1977 मध्ये केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. 72-73 चा तो तलाव दुष्काळी कामातला. साल चुकतंय तर मुकादमाबद्दलचंही चुकू शकतं, मग महाविद्यालयाने ‘पडताळणी न केलेली माहिती प्रसारित झाली’ असं लिहून मोकळं व्हावं.

हा युक्तिवाद चतुर होता आणि धोक्याचा. एक तर कायद्याच्या आधीपासून, 1972 पासूनच, ती योजना राज्यात सुरू झालेली होती आणि दुष्काळी कामांत मिसळून गेली होती. दगड फोडणाऱ्या बाईला कुठलं काम कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे हे कुणी सांगितलं असणार? दुसरं म्हणजे आठवणीतली चूक ही नेहमीच साक्ष बाद करायचं कारण नसते. इटलीतल्या तेर्नी या पोलादी कारखान्याच्या गावात 1949 च्या मार्चमध्ये नाटोविरोधी निदर्शनात एक तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेक कामगारांनी तो मृत्यू 1953 मधल्या मोठ्या कामगार कपातीच्या वेळच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी हे ‘चुकलं’ म्हणून खोडलं नाही. ज्या वर्षी कामगारांचं खरं कंबरडं मोडलं त्या वर्षात त्यांनी तो मृत्यू का नेऊन ठेवला, याचा शोध घेतला. मौखिक इतिहास शिकवणाऱ्याला हे उदाहरण नवं नाही. मॅडमनी वर्गात ते शिकवलंही होतं, विद्यार्थिनीच्या वहीत ते होतं.

मग मुकादमाने चौकट हलवली का? त्याचं उत्तर समितीकडे नाही. मस्टर मिळवायचा प्रयत्न कुणी केला नाही, आणि मिळालं असतं तरी खोट्या नावांचं मस्टर आपण खोटं आहे असं सांगत नाही. समितीने एवढंच ठरवलं की आजी खोटं बोलते असा अर्थ निघेल असं एकही वाक्य महाविद्यालयाच्या पत्रात येणार नाही, आणि ती खरं बोलते असा निवाडाही महाविद्यालय देणार नाही. अर्ज आला होता प्रसारणाबद्दल, उत्तरही प्रसारणाबद्दलच जाईल.

घेतलेले निर्णय

सहाही चित्रफिती त्याच संध्याकाळी ‘खाजगी’ करायच्या ठरल्या, आणि तिथेच गाडी अडली. वाहिनी ज्या ईमेल खात्यावर उघडली होती ते खातं तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या एका समन्वयकाचं वैयक्तिक खातं निघालं. पासवर्ड संगणकचालकाच्या जुन्या फोनमध्ये, तो फोन दुरुस्तीला. चित्रफिती खाली यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. अशा गोष्टी कुठल्याही गुणवत्ता अहवालात दिसत नाहीत.

काढून टाकायच्या ऐवजी खाजगी का केल्या? पुसायचा हक्क आजीचा आहे, तिला विचारण्याआधी तो आम्ही वापरू नये, हा मराठीच्या बाईंचा आग्रह. मला तो तेव्हा थोडा ताणलेला वाटला होता, नंतर पटला.

दुसरा निर्णय पत्राचा. माफी कुणाची मागायची यावर सर्वांत जास्त वेळ गेला. अर्जदाराची माफी मागितली तर आजीचं बोलणं हाच गुन्हा ठरतो. शेवटी दोन पत्रं लिहिली. पहिलं आजीच्या नावे, त्यातला मुख्य भाग असा: ‘आपण आपल्या नातीशी केलेलं बोलणं महाविद्यालयाने आपल्याला न विचारता सार्वजनिक केलं. त्याला दिलेलं शीर्षक महाविद्यालयाच्या कार्यालयात दिलं गेलं, ते आपलं किंवा आपल्या नातीचं नव्हतं. याबद्दल महाविद्यालय दिलगीर आहे.’ दुसरं अर्जदाराला: चित्रफीत वाहिनीवरून हटवली आहे, तिचं शीर्षक अनुचित होतं, ते महाविद्यालयाकडून दिलं गेलं, विद्यार्थिनीचा किंवा शिक्षिकेचा त्यात संबंध नाही. आजीच्या पत्राची प्रत त्यांना सोबत जोडली. ही प्रत जोडावी की नाही यावर मतं फुटली होती; प्राचार्यांनी जोडायचं ठरवलं आणि तो त्यांचा उत्तम निर्णय होता. शेताच्या वाटेचा राग ज्यांच्यावर निघणार होता त्यांच्या अंगावरून तो महाविद्यालयाने स्वतःकडे ओढून घेतला.

तिसरा निर्णय आजीला भेटायला कोण जाणार याचा. विद्यार्थिनीला विचारलं, ती म्हणाली मॅडम हव्यात. मॅडमचं महाविद्यालयाशी तेव्हा कुठलंच नातं नव्हतं, नेमणूक संपलेली. चौकशीला मात्र त्यांना बोलावलं होतं! प्राचार्यांनी ‘निमंत्रित’ म्हणून पत्र काढलं. मानधन नाही, प्रवासखर्चही नाही. त्या आल्या. मराठीच्या बाई आणि मॅडम अशा दोघी आजीकडे गेल्या, सबंध दुपार थांबल्या.

मधल्या काळात कुठेकुठे राहिलेल्या प्रती शोधायचं काम माझ्याकडे होतं. विद्यार्थिनीचा फोन, मॅडमचं वैयक्तिक गुगल ड्राइव्ह, विभागाचा पेन ड्राइव्ह, संगणकचालकाचा लॅपटॉप, गुणवत्ता कक्षाच्या संगणकावरचं ‘नॅक अंतिम’ नावाचं फोल्डर. आणि गावातले किती फोन, ते देवच जाणे.

निष्पत्ती

विभागप्रमुखांची अपेक्षा होती की आजी एकतर ‘पुसून टाका’ म्हणेल किंवा नाव काढून ठेवायला हो म्हणेल. तिने दोन्ही म्हटलं नाही. मॅडमनी टिपून आणलेलं तिचं बोलणं असं: ‘मी बोलले ते बोलले. पुसू नका. पन त्याचं नाव काढायचं तर माझं बी काढा. माझं नाव ठिऊन त्याचं झाकायचं, आसं नगं.’

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. नाव झाकणं म्हणजे संरक्षण, आणि संरक्षण मुकादमाच्या घराला, असं आम्ही गृहीत धरलं होतं. आजीने संरक्षण दोघांना सारखं मागितलं. मूळ ध्वनिमुद्रण आता दोघांच्याही नावांऐवजी खुणांखाली विभागात बंद आहे. वर्गात ऐकवायचं असेल तर आजीला आधी विचारायचं, नेटवर कधीच नाही. तिचा अंगठा त्या कागदावर आहे आणि कागद वाचून कुणी दाखवला त्याची सहीही आहे.

विद्यार्थिनीचे गुण तसेच राहिले. प्रकल्प रद्द करायची मागणी वडिलांनी स्वतःच मागे घेतली. पुढच्या सत्रातल्या सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पासाठी तिने स्वतःचं गाव सोडून दुसरं मागितलं, ते दिलं. शेताची वाट पेरणीपुरती तरी बंद झाली नाही. मुकादमाच्या मुलाने अर्ज ना मागे घेतला ना पुढे नेला. तो आवक क्रमांकासह फाइलीत आहे. संगणकचालकाला समज देण्याचा प्रस्ताव आला होता, आम्ही तो फेटाळला. ज्याला कुणीही काही सांगितलं नाही त्याच्यावर सगळं ढकलणं सोयीचं होतं, म्हणूनच.

पुढच्या वर्षी तासिका तत्त्वावरच्या मुलाखती पुन्हा झाल्या. मॅडमचं नाव यादीत नव्हतं. या प्रकरणामुळे, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही आणि तशा नेमणुका दरवर्षी नव्याने होतात, हेही खरं. पण विभागातल्या मुलांनी जो अर्थ काढायचा तो काढला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे, संमतीचा नमुना असता तर हे टळलं असतं, हे मला पूर्ण पटत नाही. नात समोर कागद घेऊन बसली तर कुठली आजी सही नाकारेल? तिच्यासाठी प्रश्न पोरीच्या गुणांचा असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि विशिष्ट हेतूपुरती असावी असं म्हटलंय. गुणांसाठी घरात घेतलेली संमती मुक्त कितपत, हा प्रश्न कागदाने सुटत नाही. म्हणून संमती दोनदा घ्यावी. एकदा बोलण्याआधी, फक्त बोलण्यासाठी. दुसऱ्यांदा काही आठवड्यांनी, ध्वनिफीत परत ऐकवून, आणि शक्य तर नातेवाईक नसलेल्या माणसाने. त्या वेळी ‘वर्गात’, ‘ग्रंथालयात’, ‘नेटवर’ हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आजीने पहिल्याला कदाचित लगेच हो म्हटलं असतं.

दुसरं, परत जाऊन ऐकवण्याला गुण हवेत. 50 गुणांच्या विभागणीत मुलाखत घेऊन येण्याला गुण होते, पुन्हा त्या दारात जाण्याला शून्य. मुलं गुण असतात तिथे वेळ घालवतात, यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. विभागाने आता लेखनाचे 15 गुण 10 वर आणून 5 गुण पुन्हा भेटीला दिलेत. आकडा छोटा आहे, पण 60 तासांतले निदान चार तास तिकडे वळतील.

तिसरं, नमुन्यात ‘पूर्ण गोपनीयता’ असे शब्द घालू नयेत. विभागाच्या नव्या मसुद्यात ते होते, मी काढायला लावले. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ते हयात असेपर्यंत उघड होणार नाहीत या भरवशावर घेतल्या होत्या. 2011 मध्ये तपास यंत्रणांनी त्या न्यायालयामार्फत मागितल्या आणि काही द्याव्या लागल्या. आपल्या आजीच्या मुलाखतीला कुणी समन्स काढणार नाही, पण पाळता येईल तेवढंच वचन द्यावं. ‘विभागाबाहेर जाणार नाही, जाण्याआधी तुम्हाला विचारू’, एवढं पुरे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच अजून झालेली नाही. सत्र संपल्यावर या ध्वनिफितींचा धनी कोण? ज्या शिक्षिकेला त्यातलं प्रत्येक माणूस ठाऊक होतं तिची नेमणूक एप्रिलमध्ये संपली, आणि पेन ड्राइव्ह नुसती वस्तू म्हणून पुढे गेला. तीच पूर्णवेळ असती तर जूनमध्ये ती म्हणाली असती, ‘ही आजीची फीत नको, ती घरगुती आहे.’ हे वाक्य म्हणायला तिथे कुणी नव्हतं. रिक्त पदं भरणं महाविद्यालयाच्या हातात नाही, पण पेन ड्राइव्हसोबत एक पान देणं हातात होतं: कुठली फीत उघडी, कुठली बंद, कुणाला विचारल्याशिवाय हलवायची नाही. ग्रंथपाल म्हणतात, फितींची नोंद करायला त्यांच्या दाखलनोंदवहीत रकानाच नाही. रकाना आखायला पट्टी आणि पेन लागतं, एवढंच मी त्यांना म्हटलं. अजून आखलेला नाही.

उरलेल्या पाच फितींसाठी समितीने त्या-त्या घरी माणूस पाठवला. तिघांनी नेटवर ठेवायला आनंदाने होकार दिला, त्यातले एक आजोबा तर ‘माझा फोटो जरा मोठा लावा’ म्हणाले. एका घरातून नकार आला. पाचव्या मुलाखतीतले गृहस्थ मधल्या काळात वारले. त्यांचा मुलगा म्हणतो वडिलांचा आवाज सगळ्यांनी ऐकावा, मुलगी म्हणते नको. दोघांचे अर्ज विभागात आहेत, फीत बंद आहे, आणि अशा वेळी कुणाचं ऐकायचं याबद्दल नव्या नमुन्यात अजून ओळ नाही.